घर रिकामं करून घेताना

पाच तारखेला भाडं जमा व्हायचं आणि सहा तारखेला ते मावशींच्या खात्यात जायचं. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंना सकाळी उठवणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या, दिवसभर कुशीवर वळवणाऱ्या आणि संध्याकाळी त्यांना माझ्या हाती सोपवून घरी जाणाऱ्या. धायरीच्या आमच्या वन बीएचकेचं भाडं चौदा हजार, मावशींचा पगार त्याहून थोडाच जास्त. कागदावर तो फ्लॅट माझ्या आणि यजमानांच्या नावावर आहे, पण घरात आम्ही त्याला 'आईंचा फ्लॅट' म्हणतो.

घरमालक म्हटलं की अजूनही लोकांना दहा बिऱ्हाडांचा वाडा असलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला माणूस आठवतो. आजचे बहुतेक मालक तसे नाहीत, आमच्यासारखे आहेत. राहत्या घराशिवाय एकच घर. कुणी व्हीआरएसच्या पैशातून घेतलेलं, कुणाला आईवडिलांमागे मिळालेलं, कुणाचा मुलगा बंगळूरला गेल्यावर रिकामं पडलेलं. त्या एका भाड्यावर कुणाची औषधं चालतात, कुणाचा हप्ता जातो. भाडंही दिसतं तेवढं हातात पडत नाही. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात चाळीस टक्के सवलत असते, घर भाड्याने दिलं की ती जाते. सोसायटी देखभाल खर्चाशिवाय बिनभोगवटा शुल्क लावते, म्हणजे मालक स्वतः तिथे राहत नाही म्हणून घेतलेला जादा आकार. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही असा २००१ सालचा सरकारी आदेश आहे, तो माहीत नाही म्हणून मुकाट्याने जास्त भरणारे मालक मी पाहिले आहेत. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर महिनाभर रिकामं राहतं, रंग द्यावा लागतो, नळ बदलावे लागतात. अशा मालकाचं भाडं थांबलं की त्याची पहिली भावना रागाची नसते, भीतीची असते. राग मागून येतो, आणि तो आला की आजूबाजूचे लोक त्याला वाटेल ते सल्ले द्यायला लागतात.

त्या सल्ल्यांबद्दल मला लिहायचं आहे, आणि त्याआधी थोडं वाड्याबद्दल. आपल्याकडे भाडेकरूची जी धास्ती घराघरांत आहे, तिचं मूळ वाड्यात आहे.

मी भाडेकरूच्या घरात वाढले. नारायण पेठेतल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या, भाडं बावीस रुपये. माझ्या जन्माआधी बावीस होतं आणि मी कॉलेजात गेले तेव्हाही बावीसच होतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली होती. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते प्रमाण भाडं. त्या दिवशी जागा भाड्याने दिलेली नसेल तर त्याच्या अगोदरचं शेवटचं किंवा नंतरचं पहिलं. युद्धामुळे आणि मग फाळणीमुळे शहरांत घरांची टंचाई होती, मालक मनाला येईल ते भाडं मागत होते, त्या वेळी हा कायदा गरजेचाच होता. तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक राहिला. पुण्यात त्यात १९६१ चा पानशेतचा पूर आला, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे बसले, आणि ज्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या त्यांनी त्या घट्ट धरून ठेवल्या. धरणार नाहीत तर काय करतील?

आमचे मालक वाड्यातच पुढच्या चौकात राहायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून महिन्याला जे भाडं यायचं, त्यात आढ्याचा एक वासासुद्धा बदलून झाला नसता. त्यामुळे नानांनी डागडुजी थांबवली. डागडुजी थांबली म्हणून बाबांचं आणि त्यांचं वाजलं, वाजलं म्हणून नानांनी भाडं घेणं बंद केलं. भाडं थकलं तर घरातून काढतील या भीतीने बाबा दर महिन्याला बावीस रुपयांची मनीऑर्डर करायचे. एकाच वाड्याच्या मागच्या चौकातून पुढच्या चौकात, लक्ष्मी रोडच्या पोस्टातून. पोस्टमन ती नानांकडे न्यायचा, नाना नाकारायचे, आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती आमच्याकडे परत यायची. बाबा तो कागद घडी घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. उद्या कोर्टात दाखवायला लागेल म्हणून. तो डबा देवाच्या फडताळात असायचा, आईच्या चार बांगड्या त्याच्या खाली.

पावसाळ्यात आमच्या खाटेवर पातेलं असायचं आणि नानांच्या ओसरीवर बादली. गळत दोघांकडे होतं. बाबा आणि नाना कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि दोघांपैकी कुणीही वाईट माणूस नव्हता. बाबा कारकून होते, त्यांना दुसरीकडे घर परवडणार नव्हतं. नानांना स्वतःच्या घरावर कौलं घालणं परवडत नव्हतं. कायद्याने दोघांना एका छपराखाली बांधून ठेवलं होतं आणि बाहेर पडायला सरळ दार ठेवलं नव्हतं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कायद्यातली ही गोठवलेली भाडी आता वाजवी म्हणता येत नाहीत असं सांगितलं, तोवर नाना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. वाडा पुढे बिल्डरकडे गेला.

त्या काळाची आठवण घेऊन लोक आजही फ्लॅटला कुलूप लावून ठेवतात. 'एकदा आत शिरला की निघत नाही.' माझ्या मोठ्या जाऊबाईंचा चिंचवडचा फ्लॅट कितीतरी वर्षं असाच बंद आहे, भिंतींना ओल आली आहे, पण द्यायचा नाही म्हणजे नाही. एकीकडे शहरात घरं मिळत नाहीत म्हणून तरुण मुलं चौघंचौघं एका खोलीत राहतात, आणि दुसरीकडे ही कुलपं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कायदा बदलून आता पंचवीस वर्षं होऊन गेली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. आज आपण जो 'अकरा महिन्यांचा ॲग्रीमेंट' करतो तो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा करार असतो. राहणाऱ्याला जागेत हक्क मिळत नाही, ठरलेल्या मुदतीपुरती परवानगी मिळते. मुदत संपल्यावर तो गेला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टाच्या वर्षानुवर्षांच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. लेखी करारात जे लिहिलं आहे ते तिथे निर्णायक पुरावा धरलं जातं. समोरच्याला बाजू मांडायची असेल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्रासह तशी परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने मागता येते. आदेशावर अपील नाही, आदेश वरून पुन्हा तपासला जावा असा पुनरीक्षण अर्ज तेवढा करता येतो. हे सगळं कागदावर जितकं सरळ वाचायला वाटतं तितकं ते भरभर होत नाही. तारखा पडतात, अधिकारी दौऱ्यावर असतात, समन्स बजावायला वेळ लागतो. तरी वाट आहे, आणि ती ठरावीक ठिकाणी जाते.

मात्र त्या वाटेवर निश्चिंत पाऊल टाकायला करार नोंदलेला लागतो. याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असं असूनही शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून 'झालं काम' म्हणणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. कशासाठी? चौदा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, अकरा महिने, याला मुद्रांक शुल्क साधारण चारशे रुपये येतं आणि पालिका हद्दीत नोंदणी फी हजार. आता तर माणूस घरी येतो, लॅपटॉपला यंत्र जोडतो, दोघांचे फोटो काढतो, अंगठे घेतो, अर्ध्या तासात काम संपतं. त्याची फी धरूनसुद्धा अर्ध्या महिन्याचं भाडं जात नाही.

आमचा करार नोंदलेला होता. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली होती, सोसायटीत प्रत दिलेली होती.

राहायला आलेलं कुटुंब तिघांचं होतं. घरचे गृहस्थ एका केटरिंगवाल्याकडे मुख्य आचारी, त्यांच्या पत्नी घरी, मुलगा तेव्हा सातवीत. पहिले दोन करार सुरळीत गेले. भाडं कधी चार तारखेलाच यायचं. दिवाळीला त्यांच्याकडचे अनारसे आमच्याकडे यायचे आणि खरंच सांगते, तसे अनारसे मला आजतागायत जमलेले नाहीत. मग त्यांची नोकरी गेली. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, घरातूनच डबे सुरू केले. सुरुवातीला दहा-बारा असतील, पुढे पन्नासाच्या वर गेले. पहाटे चारला फोडण्या, जिन्यात डब्यांच्या पिशव्या, गेटवर मोटरसायकली. शेजारच्यांनी सोसायटीकडे तक्रार केली, सोसायटीने मला पत्र पाठवलं, आणि तेव्हा मला कळलं.

मी त्यांना म्हटलं, "डबे करू नका असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण घरात धंदा करायचा नाही असं करारात आहे, आणि शेजारी रोज मला फोन करतात." ते म्हणाले, "काकू, दोन महिने द्या. गाळा बघतोय." गाळा मिळाला नाही. डबे घेणाऱ्या मुलांची कंपनी बंद झाली, तिकडचे पैसे बुडाले. भाडं आधी अर्धं यायला लागलं, मग थांबलं. मुदत जानेवारीत संपली. ते तिथेच होते.

मावशींचा पगार आम्ही एक मुदतठेव मोडून दिला.

आता सल्ले. सोसायटीच्या जुन्या पदाधिकाऱ्यांपैकी एकजण म्हणाले, "गच्चीवर तुमच्या फ्लॅटच्या पाण्याचा कॉक आहे, तो फिरवा. आठ दिवसांत जातील." दुसरे म्हणाले, "ते बाहेर गेले की कुलूप बदला, सामान जिन्यात ठेवा. घर तुमचं आहे, कोण विचारणार?" तिसऱ्यांच्या ओळखीची पोरं होती, ती 'नुसतं येऊन उभी राहतात, हात लावत नाहीत.' हे तिघंही आपापल्या घरी सज्जन माणसं आहेत. सकाळी फिरायला जातात, एकादशी करतात.

कुणीतरी यांना स्पष्ट सांगायला हवं म्हणून सांगते. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा मालकाने तोडायच्या नाहीत, हे याच कायद्यात लिहिलेलं आहे. आणि माणसाला कायदा सोडून घराबाहेर काढलं तर तो विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, घर कुणाच्या मालकीचं आहे हा प्रश्न त्या दाव्यात येतच नाही. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तुमची बाजू भक्कम होती, त्याच्यासमोर तुम्हीच प्रतिवादी होऊन उभे राहता. हा झाला कायद्याचा हिशेब. मला तो कळण्याआधीच एक गोष्ट कळत होती, की गच्चीवरचा तो कॉक फिरवला असता तर नववीतल्या एका मुलाच्या अंघोळीचं पाणी बंद झालं असतं. वडिलांच्या थकलेल्या भाड्याचा आणि त्याचा काय संबंध? बाबांचा डबा ज्या घरात होता त्या घरात मी वाढले आहे. दारावर थाप पडली की आईचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलेलं आहे.

वकीलबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "करार नोंदलाय?" हो म्हटल्यावर त्यांनी पेन उघडलं. रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. कराराची प्रत, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, मिळकत कराची पावती, नोटिशीची पोच असं सगळं लावून कलम २४ चा अर्ज झाला. समन्स त्यांनी हातात घेतलं, टाळाटाळ केली नाही. हे मी मुद्दाम लिहिते.

पहिल्या तारखेच्या आधी मी एकटीच धायरीला गेले. वकीलबाईंना विचारून गेले, कारण खटला चालू असताना परस्पर बोललेलं पुढे नडू शकतं. त्या दिवशी ते घरी नव्हते, त्या होत्या. स्वयंपाकघरात उभं राहूनच बोललो. ओट्यामागच्या टाइल्स मी पांढऱ्या बसवल्या होत्या, त्या मधाच्या रंगाच्या झाल्या होत्या. फोडणीचं तेल उडून, त्यावर धूर बसून, त्यावर परत तेल, असा चिकटाचा थर. एक्झॉस्टच्या पात्यांवरून तो ओघळून खाली गोठला होता. मी बघतेय हे त्यांनी बघितलं आणि पदराने एक टाइल पुसायला लागल्या. ती पुसली जाणार नव्हती.

मी विचारलं, "जायचं तर आहेच ना? मग अडलंय कुठं?"

त्या म्हणाल्या, "डिपॉझिट, काकू. तुमच्याकडचे पन्नास भाड्यातच गेले. नवीन घराला तीस तरी मागतात, एजंटाचं एक भाडं वेगळं. हातात काय आहे? आणि याची परीक्षा एप्रिलात."

सगळी अडचण एवढीच होती, आणि तोवर मला ती कुणीच सांगितली नव्हती. भाडं थकवलेला माणूस राहतो तो बहुतेक वेळा मालकाचं घर बळकावायला राहत नाही. त्याला जायला जागा नसते म्हणून राहतो. जायला डिपॉझिट लागतं आणि ते जुन्या घरात अडकून, वळतं होऊन संपलेलं असतं. बळकावणारेही असतात, नाही असं नाही. पण आधी हा प्रश्न विचारून बघायला काही खर्च येत नाही.

मी घरी येऊन आकडे मांडले. ते आणखी चार महिने राहिले तर माझे छप्पन्न हजार जातील. आदेश माझ्या बाजूने झाला तरी दुप्पट भरपाई कुणाकडून वसूल करणार? ज्याच्याकडे गॅस सिलिंडरला पैसे नाहीत त्याच्याकडून? यजमानांशी बोलले, वकीलबाईंशी बोलले. असं ठरवलं: तीस एप्रिलपर्यंत राहा. डबे आजपासून बंद. तोवर महिना निम्मं भाडं द्या. मागची थकबाकी डिपॉझिटमधून वळती, उरलेलं आणि दुप्पट भरपाई आम्ही सोडतो. किल्ली हातात दिली की वीस हजार आम्ही तुम्हाला देऊ, नवीन घराच्या डिपॉझिटसाठी. आणि हे सगळं प्राधिकाऱ्यांसमोर संमतीपत्र म्हणून दाखल करायचं, तीस एप्रिलला ताबा दिला नाही तर पुढची कारवाई लगेच सुरू होईल या अटीसह.

शेवटची अट वकीलबाईंची. त्या म्हणाल्या, "दया करायची तर कागदावर करा." मला ते मनापासून पटलं. तोंडी दया महिन्यागणिक वाढत जाते आणि मग एक दिवस दया करणाऱ्याचाच स्फोट होतो. कागदावर तारीख असली की मालकाला रोज फोन करून विचारावं लागत नाही, राहणाऱ्याला रोज फोन चुकवावा लागत नाही. मधले दोन महिने आम्ही एकमेकांशी पुन्हा माणसांसारखं बोलू शकलो ते त्या कागदामुळेच. माझं या सगळ्या विषयावरचं म्हणणं विचाराल तर एवढंच आहे: ज्याचा कागद पक्का, त्याला कठोर व्हावं लागत नाही. ज्याने विश्वासावर घर दिलं आणि कागद केला नाही, तोच शेवटी कॉक फिरवायला गच्चीवर जातो.

सोसायटीत बऱ्याच जणांना हे आवडलं नाही. "थकवणाऱ्याला उलट वीस हजार?" हो, उलट वीस हजार. ते दीड महिन्याचं भाडं आहे. त्यात माझं घर ठरलेल्या तारखेला मिळालं आणि एका कुटुंबाला वडगावात एक रूम-किचन मिळालं.

ताब्याच्या दिवशी मी यादी घेऊन गेले होते. पंखे तीन, ट्यूब चार, गिझर, ट्रॉलीचे खण, खिडक्यांच्या जाळ्या. महावितरणचं शेवटचं बिल त्यांनी आदल्या दिवशी भरलं होतं, पावती दाखवली. मीटरच्या आकड्याचा फोटो काढला. प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ घेतला, त्या माझ्याबरोबर फिरत होत्या. स्वयंपाकघरात आलो तर टाइल्स पांढऱ्या. सोडा आणि गरम पाण्याने, उलथण्याने खरवडून दोन रात्री त्यांनी आणि मुलाने त्या साफ केल्या होत्या. सांध्यांमधला पिवळा रंग गेला नव्हता, एक्झॉस्टही बदलावाच लागला, पण ओट्यावर हात ठेवला तर हाताला चिकटत नव्हता. ताबा पावतीवर दोघांच्या सह्या झाल्या आणि वीस हजार मी तिथेच ट्रान्सफर केले.

डिपॉझिटबद्दल मला आपल्या मालक मंडळींना अजून एक सांगायचं आहे आणि ते जरा कडक आहे. ते पैसे आपले नसतात. दुसऱ्याची ठेव असते ती, त्याची पुढच्या घराची वाट त्यात असते. नियमित भाडं देऊन, घर नीट ठेवून गेलेल्या मुलांचे पाच-पाच, दहा-दहा हजार 'रंगाचे' म्हणून कापणारे मालक पुण्यात खूप आहेत. भिंतीचा रंग दोन-तीन वर्षांत उतरतोच, आपल्या स्वतःच्या घरात उतरत नाही का? कापायचंच असेल तर करार करताना आकडा लिहावा, बिल दाखवावं. बाहेरगावहून आलेली पोरं भांडत नाहीत, त्यांना कोर्ट माहीत नसतं, म्हणून ते पैसे ठेवून घेणं याला मी लुबाडणूक म्हणते. भाडेकरूने भाडं बुडवलं की आपण चारचौघांत सांगतो. ही बुडवलेली डिपॉझिटं कुणी सांगत नाही.

नवीन भाडेकरू शोधताना एजंटाचा फोन आला की पहिला प्रश्न आडनावाचा येतो. मग व्हेज का, फॅमिली का, 'तसले' नाहीत ना. आधीचं बिऱ्हाड गेल्यावर सगळ्यांनी मला बजावलं की आता नीट पारखून घ्या, 'आपल्यातलेच' बघा. आधीचे आपल्यातलेच होते की. भाडं थकलं ते नोकरी गेली म्हणून. आडनाव बघून ते कुणाला आधी कळलं असतं? मी आता तीन गोष्टी बघते: पगाराची गेल्या काही महिन्यांची नोंद, आधीच्या घरमालकाशी फोनवर बोलणं, आणि घर सोडून इथे का यायचंय याचं सरळ उत्तर. करार अकरा महिन्यांचाच करते. साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो आणि दरवर्षीचा खर्च वाचतो, पण कलम २४ मुदत संपल्यावरच हाताशी येतं. लांब मुदतीत मध्येच काही बिनसलं तर सगळं अवघड होतं. भाडं थकल्यास काय, घरात धंदा केल्यास काय, एक महिन्याची नोटीस कुणी कशी द्यायची, हे आता आमच्या करारात मराठीत लिहिलेलं असतं आणि सही करण्याआधी मी ते मोठ्याने वाचून दाखवते.

सध्या तिथे दोन नर्स मुली राहतात, एक नांदेडची, एक उदगीरची. सोसायटीने आधी हरकत घेतली, एकट्या मुली, रात्री-अपरात्री येणार. मी मीटिंगला गेले आणि म्हटलं की त्या रात्री येणार कारण रात्री त्या तुमच्याआमच्यासारख्यांच्या आईवडिलांच्या सलाइनी बदलत असतात. माझ्या सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा अशाच मुलींनी त्यांना सांभाळलं. कराराची प्रत आणि पोलिसांकडच्या नोंदीची पावती टेबलावर ठेवली. आणखी काय हवं ते लेखी विचारा असंही सांगितलं. कुणी लेखी विचारलं नाही.

त्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. दोन महिने आधी मी मेसेज केला, राहणार की सोडणार, आणि राहणार असाल तर भाडं साडेपंधरा. उदगीरची मुलगी हिशेबाला पक्की आहे. तिने लगेच फोन केला, "काकू, पंधरा करा. बाथरूमची खिडकी लागत नाही, आणि हॉलच्या जाळीतून डास येतात, ते वर्षभर सांगतेय." खिडकीचं खरं होतं. पंधरावर आलो, जाळी आणि खिडकी करार व्हायच्या आत माझ्या खर्चाने, आणि अंगठे घ्यायला येणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी अकराची वेळ दिली आहे, कारण शनिवारी दोघींची नाइट आहे.